गोल्फ रिसॉर्टमधलं घर: कोल्हापूरच्या गिऱ्हाइकानं आधी मैदानाचा सातबारा बघावा

गोल्फ रिसॉर्टमधलं घर म्हणून जे विकलं जातं, त्यात तीन वेगळ्या गोष्टी एका किमतीत बांधलेल्या असतात: घर किंवा बंगल्याचा प्लॉट, क्लबचं सदस्यत्व आणि दारातून दिसणारी हिरवळ. घराची नोंद दुय्यम निबंधकाकडं होते, सदस्यत्वाची क्लबच्या वहीत, आणि हिरवळीची बहुतेक वेळा कुठंच होत नाही. जादा पैसे मात्र त्या हिरवळीसाठीच मोजले जातात. त्यामुळं अशा घराची पारख करताना ओटा, टाईल्स आणि नळांच्या कंपनीपेक्षा आम्ही मैदानाकडं जास्त बघतो.

मत आधीच सांगतो. ज्याला खरंच गोल्फ खेळायचा आहे आणि जो वर्षातले निदान तीन महिने तिथं राहणार आहे, त्याला हे घर पैशाचं मोल देतं. सकाळी मोकळी हवा, चालायला गाडीविना रस्ते, मुलांना पोहायला तलाव, वयस्कर आई-वडिलांना सुरक्षित आवार, हे सगळं शहरात त्या दर्जाचं मिळत नाही. पण शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलचा कारखानदार निव्वळ गुंतवणूक म्हणून असं घर घेत असेल, तर त्याच पैशात शहरातला चांगला फ्लॅट घेणं बरं. रिसॉर्टमधलं घर विकायला काढलं की गिऱ्हाईक मोजकंच मिळतं, आणि बंद घरालाही दर महिन्याचा देखभाल खर्च चुकत नाही.

जाहिरातीतला 'गोल्फ' म्हणजे नेमकं काय, हे पहिल्यांदा विचारा. १८ होलच्या (चेंडू घालायचे १८ खड्डे आणि प्रत्येकाची वेगळी पट्टी) पूर्ण मैदानाला साधारण १०० ते १५० एकर जागा लागते, ९ होलला ४० ते ६० एकर. ९ होलच्या पूर्ण मैदानाचा पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांची संख्या, ३६ च्या आसपास आणि लांबी पावणेतीन किलोमीटरच्या घरात असते. सगळे होल पार ३ चे असतील तर पंधरा-वीस एकरांतही मैदान बसतं. शिकायला ते चांगलं, पण खेळणारा माणूस त्यासाठी पुण्याहून येत नाही. काही ठिकाणी तर दोन-तीन गुंठ्यांचं पटिंग ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) आणि जाळी लावलेली सरावाची पट्टी एवढ्यावरच 'गोल्फ थीम' उभी असते. होल किती, पार किती, एकूण लांबी किती आणि आज प्रत्यक्ष खेळता येणारे होल किती, ही चार उत्तरं लेखी मागा.

त्यानंतर जमिनीचा प्रश्न. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर रेखांकन दिसतं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, तो स्कॅन केला तरी चालतं. त्या रेखांकनात मैदानाचे गट नंबर आहेत का, हे शोधा. प्रकल्पाच्या हद्दीत मैदान असेल आणि ते सामायिक सुविधा म्हणून दाखवलेलं असेल, तर दोन तृतीयांश घरमालकांच्या लेखी संमतीशिवाय बिल्डरला रेखांकनात बदल करता येत नाही. मैदान हद्दीबाहेर, बिल्डरच्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर असेल, तर हे संरक्षण त्याला लागू होत नाही. पुढं त्याच जागेवर आणखी बंगले उठले, तर तुमच्या हातात जाहिरातीचा कागद उरतो. रेरा कायद्याच्या कलम १२ खाली खोट्या जाहिरातीबद्दल दाद मागता येते, पण ती वाट लांबची आहे. करारनाम्यातच मैदानाचे गट नंबर, क्षेत्र आणि 'या क्षेत्राचा वापर बदलणार नाही' हे वाक्य घालून घेणं सोपं.

गोल्फचं मैदान बंद पडू शकतं, ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेत २००६ नंतर कित्येक वर्षं सुरू झालेल्या मैदानांपेक्षा बंद झालेली जास्त होती, आणि कडेच्या घरांना त्याचा फटका बसला. कारण बहुतेक वेळा हेच असतं: घरं विकून झाली की बिल्डरचा मैदानातला रस संपतो आणि खेळणाऱ्यांच्या फीमधून खर्च निघत नाही.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडं बघत असाल तर आणखी एक गोष्ट आहे. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतली अनेक गावं पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहेत. त्या मसुद्याप्रमाणे २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढचं नवं बांधकाम, तसंच ५० हेक्टर आणि त्यापुढची वसाहत यांना बंदी प्रस्तावित आहे. ५० हेक्टर म्हणजे सुमारे १२३ एकर. १८ होल आणि त्याभोवती घरं एवढ्यात सहसा बसत नाहीत. म्हणजे अशा गावात कुणी १८ होलची वसाहत विकत असेल, तर पर्यावरण मंजुरीचं पत्र बघितल्याशिवाय पुढं बोलू नका. पन्हाळ्याच्या जवळ असाल तर किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढं २०० मीटर परवानगीशिवाय काही करता येत नाही. २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेल्यावर या बाबतीत यंत्रणा ढिली पडेल असं धरून चालणं चुकीचं ठरेल.

पाण्याचा हिशेब

सगळ्यात जास्त फसगत इथं होते, आणि ती टाळायला पाच मिनिटांचा हिशेब पुरतो.

हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे एकरी रोज सुमारे २०,००० लिटर. ९ होलच्या मैदानात पाणी द्यायची हिरवळ २५ एकर असेल, तर रोज ५ लाख लिटर. आता विक्रेता सांगतो की सगळं पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून येणार. १०० घरं, घरात चार माणसं, माणशी १३५ लिटर, असे ५४,००० लिटर वापर. त्यातलं ८० टक्के परत आलं तरी ४३,००० लिटर. गरजेच्या दहावा हिस्साही नाही, आणि तेही सगळी घरं भरलेली असतील तर. रिसॉर्टमध्ये सोमवार ते शुक्रवार बरीच घरं बंदच असतात.

उरलेलं पाणी विहिरीतून, बोअरमधून, नाहीतर नदीवरून उचलून येतं. नदीवरून उचलायला जलसंपदा विभागाचा परवाना लागतो. त्याची प्रत मागा, त्यात शेतीसाठी की बिगरशेतीसाठी हे वाचा. शिवाय टंचाईच्या वर्षी भोगावती-पंचगंगेवर उपसाबंदी लागते, तेव्हा उसालाही पाणी मिळत नाही. त्या दिवसांत गोल्फच्या हिरवळीला पाणी चालू असेल, तर गावाशी भांडण ठरलेलं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर इथल्या शेतकऱ्यांच्या पिढ्या वाढल्या. पाण्याच्या पाळीचा हक्क इथं कुणी सहज सोडत नाही, आणि सोडूही नये.

यावर खरा उपाय एकच, पावसाचं पाणी साठवणारं मोठं तळं. फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस, रोज ५ लाख लिटर, म्हणजे ६ कोटी लिटर. चार मीटर खोलीचं तळं धरलं तर पावणेचार एकर पाण्याखाली, बाष्पीभवन आणि तळाचा गाळ धरून पाच एकर. ब्रोशरमधला 'लेक' किती एकरांचा आहे आणि तळाला अस्तर आहे का, हे बघा. जांभ्याच्या माळावर अस्तराशिवाय तळं धरत नाही, पाणी मुरून जातं. आणि मे महिन्यात जाऊन बघा. मार्चमध्ये भरलेलं तळं सगळीकडंच दिसतं.

गवत, पाऊस आणि जनावरं

मैदानावर लावतात ते बर्म्युडा गवत आपल्या हरळीच्याच कुळातलं. उसात हरळी किती चिवट असते हे इथं कुणाला सांगायला नको, पण मैदानावरच्या संकरित जातींना भरपूर ऊन लागतं. गगनबावडा, राधानगरी भागात जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. गवत विरळ होतं, बुरशी धरते, शेवाळ येतं. म्हणून गवताची परीक्षा सप्टेंबरात, पाण्याची मे महिन्यात. दोन्ही वेळा जागा बघितल्याशिवाय टोकन देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

ग्रीनच्या खाली काय आहे ते मैदान सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, विक्री विभागाला नको. चांगल्या ग्रीनखाली ३० सेंटिमीटर वाळूचा थर, त्याखाली १० सेंटिमीटर खडी आणि त्यात छिद्रांचे पाइप असतात. वाळूत माती किंवा दगडाची भुकटी जास्त गेली की पाणी वर थांबतं आणि मुळं कुजतात. जोराची सर येऊन गेल्यावर अर्ध्या तासानं ग्रीनवर पाणी साचलेलं दिसलं, तर खालचं काम नीट नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते उकरावं लागेल आणि वर्गणी सगळ्या घरांवर येईल. काळ्या मातीच्या जमिनीवर हा त्रास दुप्पट, कारण ती पाणी सोडत नाही, आणि उन्हाळ्यात तडकते. त्याच काळ्या मातीवर बंगल्याचा पायाही आहे, हे विसरू नका. माती परीक्षणाचा अहवाल आणि पायाची खोली विचारून घ्या.

रानडुकरं ओली हिरवळ एका रात्रीत उकरून ठेवतात. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला गवे, आजरा-चंदगडकडं हत्ती. कुंपण सौर झटक्याचं आहे की नुसत्या तारेचं, त्यानं वन विभागाचा रस्ता अडत नाही ना, हे प्रत्यक्ष फिरून बघा.

कुठला प्लॉट घ्यावा

'गोल्फ फेसिंग' म्हणून सगळ्या प्लॉटना एकच जादा दर लावतात, पण सगळे सारखे नसतात. बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे, आणि नवख्यांचा चेंडू उजवीकडं वळत जातो. त्यामुळं टी-बॉक्सपासून (पहिला फटका मारायची जागा) खेळण्याच्या दिशेनं उजवीकडं, दीडशे ते सव्वादोनशे मीटरवर जे घर असेल, त्याच्या काचांना आणि अंगणातल्या माणसांना चेंडूचा धोका सगळ्यात जास्त. फेअरवेच्या (टीपासून ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची पट्टी) मधल्या रेषेपासून घर निदान ५०-६० मीटर लांब हवं. मध्ये दाट झाडी असेल तर उत्तम. नुकतीच लावलेली रोपं दहा वर्षं उपयोगाची नाहीत. टीच्या मागचा किंवा टीच्या बाजूचा प्लॉट आम्हाला सगळ्यात पसंत: दृश्य तेच, चेंडू तुमच्याकडं येत नाही. काच फुटली तर भरपाई कुणाची, खेळणाऱ्याची की क्लबची, हे नियमावलीत लिहिलेलं असावं. पुष्कळ नियमावल्यांत घरमालकानं हा धोका स्वीकारला आहे असं वाक्य असतं, ते वाचूनच सही करा.

ग्रीनच्या अगदी जवळचं घर घेताना एक माहीत असू द्या. ग्रीनचं गवत ३-४ मिलिमीटर उंचीवर रोज कापावं लागतं आणि ते खेळ सुरू व्हायच्या आधी, उजाडताना. मशिनचा आवाज रोज पहाटे असणार. बुरशीनाशकांची फवारणी कधी होते, आधी सूचना देतात का, हे लहान मुलं असलेल्या घरानं जरूर विचारावं.

कागद

सातबारा, आठ अ आणि किमान तीस वर्षांचे फेरफार काढून वकिलाला दाखवा. कोल्हापूर जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी भरपूर आहेत; तशा जमिनीचा व्यवहार परवानगीशिवाय टिकत नाही. भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), वतन, कूळकायद्यानं मिळालेली जमीन, प्रत्येकाची अट वेगळी. इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय ते शब्द न शब्द वाचा.

शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. 'फार्म हाऊस प्लॉट' म्हणून पाच-सहा गुंठे विकून सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामायिक लावण्याचा प्रकार अजून चालतो. त्यात तुमची चतुःसीमा कागदावर नसते, बँक कर्ज देत नाही, आणि एका हिस्सेदाराचा वाद सगळ्यांना अडकवतो. जमीन बिगरशेती झाल्याचा कागद, मंजूर रेखांकन आणि मोजणीची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा), तिन्ही हवेतच. प्लॉटचं क्षेत्र विचारताना निव्वळ किती ते विचारा. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. 'सात गुंठे' म्हणून सांगतात त्यात रस्ता आणि मोकळ्या जागेचा वाटा मिसळलेला असू शकतो.

नदीकाठ असेल तर पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ व २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. मैदान पूरक्षेत्रात असलं तर एकवेळ चालेल, घर आणि वीज उपकेंद्र नको. रस्ताही बघा: मोठ्या पुरात गगनबावडा रस्ता मांडुकलीजवळ, रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ आणि पुण्याचा महामार्ग शिरोलीजवळ बंद पडतो. २०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला होता. डोंगर कापून काढलेल्या प्लॉटला मागं संरक्षक भिंत आणि त्या भिंतीत पाणी निघायला छिद्रं असायलाच हवीत.

पैसे

जाहिरातीतल्या किमतीवर काय काय चढतं ते असं. बांधकाम सुरू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलं तर शून्य. मोकळ्या प्लॉटवरही शून्य. क्लबच्या प्रवेश फीवर मात्र १८ टक्के. मुद्रांक शुल्क महापालिका आणि ग्रामपंचायत हद्दीत वेगळं असतं, नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३०,००० रुपये. घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, मोकळ्या प्लॉटला ती मिळत नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची.

देखभालीचं गणित अवघड आहे. उदाहरण म्हणून मैदानाचा वर्षाचा खर्च १ कोटी २० लाख धरा: माळी, डिझेल, वीज, खत, मशिनचे सुटे भाग. १५० घरं असतील आणि बाहेरच्या खेळाडूंकडून काहीच आलं नाही, तर घरटी वर्षाला ८०,००० रुपये नुसत्या मैदानाचे. विक्रीच्या काळात बिल्डर हा खर्च स्वतः सोसतो, म्हणून सुरुवातीची देखभाल स्वस्त वाटते. विचारायचं ते हे: मैदानाचा गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च किती, त्यातला बिल्डरनं किती भरला, आणि हस्तांतरानंतर तो कुणाकडं जाणार. उत्तर टाळलं, तर तो खर्च तुमच्यावर येणार असं समजा. सोसायटीची देखभाल दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत जीएसटीतून सुटते, पण ती सवलत सोसायटीला आहे. बिल्डरच्या देखभाल कंपनीचं बिल आलं तर पहिल्या रुपयापासून १८ टक्के.

सदस्यत्वाच्या कागदात बघायचं ते: घराबरोबर सदस्यत्व मिळतं, की नुसता अर्ज करायचा हक्क? किती वर्षांसाठी? घर विकलं तर पुढच्या मालकाला जातं, की त्यानं पुन्हा प्रवेश फी भरायची? मुलगा-सून त्यात येतात का? सदस्य असूनही प्रत्येक खेळाची ग्रीन फी, कार्ट आणि कॅडीचे (काठ्यांची पिशवी उचलणाऱ्याचे) पैसे वेगळे का? 'भाड्यानं देऊन ठराविक टक्के परतावा' ही हमी असेल, तर कोण देणार, किती वर्षं, घराची दुरुस्ती आणि रिकामे महिने कुणाच्या खाती, हे बघा. परताव्याची रक्कम पुष्कळदा आधीच किमतीत चढवलेली असते. शेजारच्या बिगरहमी घराचा दर विचारला की फरक कळतो.

बंद राहणारं घर

घाटाकडच्या पावसात चार महिने बंद राहिलेल्या घरात भिंतींना बुरशी, दारं फुगणं आणि बोर्डात ओल येणं हे ठरलेलं. उतरतं छप्पर, निदान दोन-अडीच फूट बाहेर आलेली वळचण, जांभ्याच्या भिंतीला बाहेरून नीट भरलेले सांधे, आणि आत हवा खेळेल अशा झडपा, एवढं असलं तर निम्मा त्रास वाचतो. सपाट स्लॅब आणि मोठमोठ्या काचांचा बंगला चित्रात छान दिसतो. राधानगरीच्या पावसात तो आम्ही घेणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा घर उघडून हवा देणारा माणूस रिसॉर्ट देतो का आणि त्याचे पैसे किती, हे आधी ठरवून घ्या. साप येतात, दाराखालची फट आणि सांडपाण्याची जाळी बघा.

ठरलंच, तर नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका, बिल्डरला ती कायद्यानं घेताच येत नाही. सुविधांची यादी आणि प्रत्येकीची तारीख करारनाम्याला जोडलेली हवी; 'तिसऱ्या टप्प्यात' हे उत्तर तारीख होत नाही. हप्ते घराच्या कामाशी बांधलेले असतातच, पण शेवटचे १० टक्के मैदान खेळायला खुलं होण्याशी बांधून मागा. पुष्कळ बिल्डर नाही म्हणतील, काही पाच टक्क्यांवर येतील. ताबा पावसाळ्यानंतर घ्या, म्हणजे गळती, खचलेले पेव्हर आणि तुंबलेली गटारं दिसतात, आणि त्यांची यादी ताबापत्रावरच लिहून बिल्डरची सही घेता येते. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षं त्याच्यावर आहे. तक्रार फोनवर न करता तारीख टाकून लेखी करा आणि पोच घ्या.